आपल्याच पाटीवरचे अक्षर

ठाण्याच्या माजिवडा नाक्यावर पूर्व द्रुतगती मार्ग, घोडबंदर रस्ता आणि नाशिकचा महामार्ग एकत्र येतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे सरकते. त्यात उड्डाणपूल आणि मेट्रो ४ चे खांब आड येतात. पाटी वाचायला दोन-तीन सेकंदच मिळतात. गिऱ्हाइकाला आपण पाटीवाले हे रोज समजावतो: दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचे अक्षर, मजकूर कमी, रंग एकमेकांत न मिसळणारे. स्वतःच्या बोधचिन्हात मात्र कुंचला, रंगांची तबकडी, सावली आणि सेवांची यादी कोंबतो. लहान बोर्ड-व्यावसायिकाचे बोधचिन्ह म्हणजे त्याचे देवनागरीत घडवलेले नाव, एवढेच असावे, असे आमचे ठाम मत आहे.

कुंचल्याचे चित्र आपला धंदा सांगते, पण शेजारच्या दुकानापासून आपल्याला वेगळे काढत नाही. शिवाय छटा आणि सावल्या फ्लेक्सवर छापता येतात. पण विनाइल कापताना, एसीपीच्या पत्र्यावर कोरणारा राउटर चालवताना त्या गळून पडतात. जे एका रंगात कापता येत नाही, ते आपल्या कामाचा नमुना कसे ठरेल? देवनागरीचा प्रश्न आणखी नाजूक आहे. रोमन कॅपिटल अक्षर पट्टीची पूर्ण उंची व्यापते. आपल्याकडे वर मात्रा-रफार, खाली उकार, म्हणून मूळ अक्षराला थोडीच उंची उरते. दहा फुटांना एक इंच हा हिशेब मूळ अक्षराला लावायला हवा. शिरोरेषा जाड केली की ‘घ’ आणि ‘ध’ दुरून सारखेच दिसू लागतात. ही जाण तयार फॉन्ट ताणून येत नाही. अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके वर्तमानपत्राच्या काळ्या-पांढऱ्या जाहिरातींतही ओळखू येतील अशी घडवली, ती अक्षराच्या बळावर.

यावर कोणी स्टेट बँकेचे १९७१ चे निळे वर्तुळ दाखवेल. ते उत्तमच आहे, पण ते हजारो शाखांवरून डोळ्यांत ठसले. एका गाळ्याच्या दुकानाला तेवढे दर्शन कुठून मिळणार? गिऱ्हाईक इंग्रजी मागते, हाही आक्षेप येतो. दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुकानाला मराठी नामफलक बंधनकारक आहे, आणि त्यावरची मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे मागणी देवनागरीचीच वाढली; ती कोण नीट करतो, हे गिऱ्हाइकाने आपल्या दारावरच पाहिले पाहिजे. राहिला दराचा आक्षेप: गिऱ्हाईक अक्षर नव्हे, दर पाहते. स्वस्त दराने काम मिळते हे खरे, पण उद्या त्याहून स्वस्त कोणी येतोच.

तेव्हा पाटी बदलण्याआधी आपले नाव कागदावर नुसत्या काळ्या रंगात काढा, पन्नास फुटांवरून अनोळखी माणसाकडून वाचून घ्या, आणि मगच रंगाला हात लावा.