गोळी स्वस्त, वाट लांब

अंबरनाथ-बदलापूरच्या कामगाराला थकवा आला, डावी कूस जड वाटू लागली, की तो दोष देतो रात्रपाळीला नि लोकलच्या गर्दीला. साध्या रक्ततपासणीत चार ते अकरा हजारांऐवजी लाखाच्या घरात पांढऱ्या पेशी आढळल्या, तर मात्र जुनाट मायलॉइड रक्तकर्करोगाची शंका घ्यावयास हवी. २००१ साली आलेल्या इमॅटिनिबच्या गोळीने या रोगाचे भय ओसरले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचे पेटंट नाकारल्याने ती गरिबाच्या आवाक्यात राहिली. परंतु जनुकीय चाचणी एकदाच करून भागत नाही. खासगी खर्च न पेलणाऱ्याने त्यासाठी रोजंदारी बुडवून किती वेळा मुंबई गाठावी? उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात नमुना द्यावा आणि अहवालही तेथेच मिळावा, एवढी व्यवस्था शासनाने अवश्य करावी.