दारात उभा असलेला गुरू

आग्रा म्हटले की मराठी मनाला शिवछत्रपतींची १६६६ मधील सुटका आठवते, प्रवाशाला ताजमहाल. परंतु याच नगरीत भारतीय वायुदलाचे छत्रीसैनिक प्रशिक्षण विद्यालय आहे आणि आपल्या छत्रीसैनिकांच्या पिढ्यान् पिढ्या तेथेच आकाशातून उडी घ्यावयास शिकल्या, हे किती सुशिक्षित घरांत ठाऊक असते?

पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी घेतली. महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्रीही लाभली. ते योग्यच झाले. त्यांच्या आधी, २००२ मध्ये, रेल्वेत नोकरी करणाऱ्या रॅचेल थॉमस यांनी त्याच ध्रुवावर ७,००० फुटांवरून झेप घेतली होती. त्यांनी पहिली उडी घेतली ती १९७९ मध्ये, आग्र्यात. पराक्रम करणाऱ्यांची नावे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण त्यांना दारापाशी उभे करून धीर कोणी दिला, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही.

या शिक्षकाचे काम विमानात सुरू होत नाही. आधी जमिनीवर पडावयाला शिकावे लागते. पावले जुळवून उतरावे, मग पोटरी, मांडी, नितंब आणि पाठीची बाजू अशा क्रमाने आघात वाटून घ्यावा. हे शेकडो वेळा घोटून घेतल्यावाचून विद्यार्थ्याला आकाश दिसत नाही. पुढे मुक्त पतनाची पाळी येते. सुरुवातीच्या उड्यांत दोन प्रशिक्षक विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंनी धरून त्याच्यासमवेत ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेगाने खाली येतात. त्याचे अंग वाकले किंवा तो गोंधळला, तर सावरावयास मोजकेच क्षण हाती असतात. वारा बदलला, तर सारी सिद्धता झालेली असतानाही ‘आज उडी नाही’ असे सांगण्याचे धैर्य याच शिक्षकाला दाखवावे लागते. माझ्या मते ते उडी घेण्याच्या धैर्याहून मोठे आहे. त्याच्या आयुष्याची कमाई म्हणजे न घडलेले अपघात आणि न घडलेल्या गोष्टींची बातमी होत नाही!

ही परंपरा जुनी आहे. १९४१ मध्ये दिल्लीत हवाई छत्रीचे प्रशिक्षण सुरू झाले आणि लेफ्टनंट ए. जी. रंगराज व हवालदार मेजर मथुरा सिंग हे उडी घेणारे पहिले भारतीय सैनिक ठरले. पुढे हे विद्यालय रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे गेले आणि फाळणीनंतर आग्र्याला आले. वैद्यकीय अधिकारी असलेल्या रंगराज यांनी मार्च १९५१ मध्ये कोरियातील युद्धभूमीवरही उडी घेतली. महावीर चक्राने त्यांचा गौरव झाला. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलवर सुमारे सातशे छत्रीसैनिक उतरले, ते दुसऱ्या पॅरा बटालियनचे. मराठा लाइट इन्फंट्रीतून घडलेली ही पलटण १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्यांत अग्रभागी होती. त्या जवानांना विमानाच्या दारापर्यंत नेणाऱ्या शिक्षकांची नोंद कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

१९८७ मध्ये वायुदलाचे ‘आकाशगंगा’ पथक उभे राहिले, तेही अशाच प्रशिक्षकांतून. प्रदर्शनात आपण टाळ्या वाजवतो ते रंगीत छत्र्यांना.

खेळाडू घडवणाऱ्यांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार आहे. साहसासाठी तेनसिंग नोर्गे पुरस्कार आहे, त्यात जीवनगौरवाचा विभागही आहे. तथापि, ज्याने आयुष्यभर इतरांना सुखरूप उतरवले, त्या शिक्षकासाठी साहसी क्रीडेत स्वतंत्र सन्मान असावयास हवा. त्याहून निकडीचे म्हणजे, निवृत्तीनंतर त्यांचा अनुभव वाया जाऊ नये. आता हरियाणात नारनौलसारख्या ठिकाणी नागरिकांनाही, प्रशिक्षकाच्या अंगाशी जखडून का होईना, शुल्क भरून उडी घेता येते. हौस वाढेल तसे शिकाऊ प्रशिक्षकही वाढतील आणि त्यांना घडवावयास आग्र्याची जुनी माणसे हवीत. तोवर, आपल्या मुलाने वा मुलीने हा हट्ट धरला, तर पालकांनी शुल्क विचारण्याआधी प्रशिक्षकाच्या उड्यांची नोंदवही पाहावयास मागावी.