गाडी आपली, मग बिघाड गुपित का?

बाईक बंद पडली की प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा बसवून किक मारायची. बाबांच्या पिढीची अर्धी दुरुस्ती अशी पार्किंगमध्येच व्हायची. आपल्या हातात आली ती इंजेक्शनवाली गाडी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक दुचाक्यांमधून कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी सेन्सर आले आणि पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा छोटा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू आला. धूर कमी झाला, थंडीत चोक ओढायची कटकट संपली. त्याबद्दल तक्रार नाहीच.

तक्रार वेगळी आहे. मीटरवर पिवळा दिवा पेटतो. बिघाड कुठे आहे, याचा कोड ईसीयूने साठवलेला असतो. मालकाला मात्र नुसता दिवा दिसतो. मॅन्युअल उघडलं तर बऱ्याचदा एकच सल्ला: अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या दादाकडे त्या कंपनीचा स्कॅनर नसतो. मग सैल झालेल्या एका कनेक्टरसाठीही गाडी रांगेत लावा आणि बिलावर येईल तो आकडा भरा. मेसचे पैसे भरून महिना ओढणाऱ्याला हे कसं परवडणार?

‘हौशी लोकांनी हात घातला तर अपघात होतील,’ असं यावर सांगितलं जातं. ब्रेक आणि पेट्रोलच्या पाइपशी खेळू नये, हे एकदम मान्य. पण कोड वाचणं म्हणजे गाडी खोलणं नव्हे. ताप किती आहे हे बघायला आपण डॉक्टरची परवानगी घेतो का?

हा हट्ट फक्त आपलाच नाही. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनंही आहेत. पण पोर्टल असून भागत नाही, मागणारा गिऱ्हाईक लागतो.

म्हणून पुढची गाडी घेताना मायलेज आणि ईएमआयच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारा. बिघाडाच्या कोडची यादी मिळेल का? सुटे भाग काउंटरवर मिळतात का? आणि जे आजही आपल्या हातात आहे, ते सोडू नका. चेन साफ करून तेल देणं, एअर फिल्टर बघणं, टायरमधली हवा तपासणं, याला कुठलाही स्कॅनर लागत नाही. हात काळे होतील, पण सर्व्हिस सेंटरवाला ‘चेनसेट गेला’ म्हणाला, तर तो खरंच गेलाय का, हे तुम्हाला कळेल.