विजेच्या एसटीचं नियोजन : मुक्कामी गाडीचं काय करणार?

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. बरोबर 74 वर्षांनी, 1 जून 2022 रोजी, त्याच मार्गावर महामंडळाची पहिली विजेवरची बस ‘शिवाई’ सुटली. पुढे 5,150 इलेक्ट्रिक बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार एवी ट्रान्स या कंपनीशी झाला. मे 2025 मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी कंपनी वेळापत्रक पाळत नाही म्हणून तो करार रद्द करण्याचे निर्देश दिले. आकडा मोठा होता, बातम्याही मोठ्या झाल्या. पण अहमदपूरसारख्या तालुक्याच्या आगाराला या बदलातून काय मिळणार, याची चर्चा कुठेच ऐकायला मिळाली नाही.

विजेवर जाण्याला आमचा विरोध मुळीच नाही. हिशेब सरळ आहे. डिझेलची बस एका लिटरला साधारण चार-साडेचार किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरमागे नुसत्या डिझेलचे वीस रुपये. विजेची मोठी बस किलोमीटरला एक-सव्वा युनिट खाते. युनिट आठ-दहा रुपयांना धरलं तरी खर्च बराच खाली येतो. महिलांना अर्धं तिकीट, 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास या सवलती टिकवायच्या असतील तर इंधनाचा खर्च कमी व्हायलाच हवा. त्यात धूर नाही, धडधड नाही.

अडचण दुसरीकडे आहे. शिवाई आली तेव्हा ती एका चार्जिंगमध्ये सुमारे 250 किलोमीटर जाते, असं सांगण्यात आलं. अहमदपूरहून लातूरला जाऊन परत येण्याच्या दोन फेऱ्या झाल्या की हा आकडा संपला. मे महिन्यात पारा 42 वर असताना एसी चालू ठेवला तर त्याच्याही आधी. म्हणजे दुपारी गाडी दोन-तीन तास आगारात चार्जिंगला उभी राहणार आणि तेवढ्या वेळात तिच्या फेऱ्या दुसऱ्या गाडीला कराव्या लागणार. दहा डिझेल गाड्या काढून दहा विजेच्या आणल्या की झालं, असं म्हणता येत नाही ते यामुळे. शिवाय चार-पाच बस एकदम चार्जिंगला लागल्या की घरगुती जोडणीसारखा भार राहत नाही. उच्च दाबाची वेगळी लाईन ओढावी लागते, रोहित्र बसवावं लागतं. ते काम गाड्या यायच्या आधी व्हायला हवं.

आता मुक्कामी गाडी. शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल, संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन गेलेली बस खेड्यातच रात्र काढते. चालक-वाहक तिथेच झोपतात आणि सकाळी फज्रनंतर उजाडता उजाडता तीच गाडी तालुक्याला निघते. किनगाव, हाडोळती, अंधोरी या भागातून शाळा-कॉलेजला येणाऱ्या पोरी अशाच सकाळच्या गाड्यांवर अवलंबून असतात. आपल्या समाजात मुलीला पुढे शिकवायचं की नाही, हा निर्णय पुष्कळदा गाडी वेळेवर येते की नाही यावरच होतो, हे वर्गात शिकवताना आम्ही रोज पाहतो. गाडी बंद झाली की आठवी-नववीतली पोरगी घरी बसते. वडील म्हणतात, “सर, खासगी जीपमध्ये एकटीला कसं पाठवू?” याला आमच्याकडे उत्तर नसतं.

विजेची बस रात्रभर खेड्यात उभी राहिली तर ती चार्ज कुठे होणार? आणि रात्री चार्जिंगसाठी आगारात परत आणायची ठरली, तर सकाळी रिकामी गाडी गावापर्यंत पाठवण्याचा खर्च कोण सोसणार? महामंडळाच्या वहीत अशी फेरी तोट्यात दिसते आणि तोट्यातली फेरी बंद करायला एक कागद पुरतो. म्हणून आमचं म्हणणं असं की, नियोजन गाड्यांच्या संख्येपासून सुरू करू नका. आगाराच्या फेऱ्यांच्या तक्त्यापासून करा. लातूर-नांदेडच्या सरळ फेऱ्या आधी विजेवर न्या, मुक्कामी फेऱ्या डिझेलवरच ठेवा, आणि तसं लेखी द्या.

रोजीरोटीचा प्रश्नही याला जोडलेला आहे. भाडेतत्त्वाच्या बसवर वाहक एसटीचा असतो, चालक मात्र कंपनीचा. त्याचा पगार, सुट्टी, प्रशिक्षण सगळं कंत्राटदाराच्या हातात. 9 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत कुर्ल्याला बेस्टच्या भाड्याच्या इलेक्ट्रिक बसने माणसं चिरडली, तेव्हा चालकाला अशा गाडीचं पुरेसं प्रशिक्षण दिलं होतं का, हा प्रश्न सगळीकडे विचारला गेला. तो विसरून चालणार नाही.

गॅरेजवाल्यांचं तर विचारूच नका. मराठवाड्यात डिझेल मिस्त्री, वेल्डर, टायरवाले यांत आपली माणसं भरपूर आहेत. टायर, ब्रेक, पाटे यांचं काम विजेच्या गाडीलाही आहे, पण इंजिन, क्लच, ऑइल, फिल्टर हे संपलं. फक्त एसटीच नाही, रिक्षा आणि माल वाहणारे टेम्पोही त्याच वाटेवर आहेत. अब्बांच्या हाताखाली पाना धरायला शिकणाऱ्या दहावीच्या पोराला आयटीआयला इलेक्ट्रिशियन नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड घ्यायला लावा. प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालानंतर लगेच सुरू होतात. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, आधारवरचं नाव हे सगळं निकालाच्या आधीच तपासून ठेवा. दरवर्षी आमच्याकडची दोन-चार पोरं नुसत्या कागदांपायी मागे राहतात.