माहेरच्या दिवसांचा हिशेब

हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात सामील झाले. त्याच्या आगेमागे मराठवाड्यातील काही मुस्लिम कुटुंबे पाकिस्तानात गेली. घरांची वाटणी दोन देशांत झाली. नात्यांची झाली नाही. भावाच्या घरी बहिणीची मुलगी सून म्हणून आणण्याची रीत सरहद्दीनेही मोडली नाही. म्हणूनच औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जुन्या मोहल्ल्यांत पाकिस्तानी पासपोर्टवर आलेली सून ही कल्पनेतली गोष्ट नव्हे.

या सुनेला भारताचे नागरिकत्व केव्हा मिळावे? १९५५ च्या मूळ नागरिकत्व कायद्यात भारतीयाच्या पत्नीच्या नोंदणीसाठी वास्तव्याच्या वर्षांची अट नव्हती. १९८६ च्या दुरुस्तीने पत्नीप्रमाणे पतीलाही हा मार्ग खुला केला, हे योग्यच झाले. पण त्याच वेळी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांवर नेली. ही सात वर्षे मोजण्याची रीतही कायद्यानेच ठरवली आहे: अर्जापूर्वीचे बारा महिने अखंड भारतात, आणि त्याआधीच्या आठ वर्षांपैकी किमान सहा वर्षे भारतात.

म्हणजे पहिल्या आठ वर्षांत मिळून दोन वर्षांची गैरहजेरी कायद्याला चालते. शेवटच्या वर्षात एक दिवसाचीही चालत नाही. २०१५ साली यात थोडी सवलत आली. विशेष परिस्थिती असल्यास कारणे लेखी नोंदवून केंद्र सरकार जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकते. पण हा अर्जदाराचा हक्क नव्हे, सरकारची मर्जी आहे.

समजा, याच शेवटच्या वर्षी कराचीत बाप वारला. मुलगी गेली आणि चाळिसाव्याच्या विधीपर्यंत आईजवळ राहिली, तर सवलतीची कमाल मर्यादाही ओलांडली जाते. परतल्यावर बारा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची चौकी बंद झाली. अशा वेळी पलीकडे अडकून पडलेल्या बाईचे दिवसही कायद्याच्या वहीत गैरहजेरीचेच ठरतात. इतर देशांतून आलेल्या सुनेला लग्नानंतर दोन वर्षांनी ओव्हरसीज सिटिझन कार्ड मागता येते. पाकिस्तान किंवा बांगलादेशाच्या नागरिकाला ती वाटही बंद आहे.

राष्ट्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न येथे उपस्थित केला जाईल. त्याचे उत्तर सरळ आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य शासनाकडे आणि तेथून केंद्रीय गृहखात्याकडे जातो. अर्जदाराची चौकशी होतच असते, आणि ती कोणी सैल करा म्हणत नाही. दिवसांची मोजणी सुरक्षितता तपासत नाही. माणूस येथे स्थायिक झाला की नाही, एवढेच ती पाहते. जिचा संसार येथे, मुले येथल्या शाळेत, ती बापाच्या मयतीला गेली म्हणून परकी कशी ठरते?

ब्रिटनसारखा देशही नागरिकाच्या जोडीदाराला अर्जापूर्वीच्या तीन वर्षांत २७० दिवस आणि त्यांपैकी शेवटच्या वर्षात ९० दिवस बाहेर राहू देतो. भारतानेही शेवटच्या वर्षात किमान नव्वद दिवसांची मुभा हक्क म्हणून द्यावी. आईबापांचे आजारपण, मृत्यू आणि बंद सरहद्द यांमुळे गेलेले दिवस मोजणीतून वगळावेत. कायद्यात एवढी दुरुस्ती करणे अवघड नाही.

दुरुस्ती होईल तेव्हा होईल. तोवर मोहल्ल्यातील कार्यकर्त्यांनी अशा घरी जाऊन पासपोर्टवरील जाण्यायेण्याच्या तारखा लिहून काढाव्यात, आणि शेवटच्या वर्षाचा नियम प्रवासाला निघण्यापूर्वीच समजावून सांगावा. सून म्हणून जिला घराने केव्हाच आपले म्हटले, तिला देशाने आपले म्हणण्यासाठी माहेरचा उंबरठा विसरायला लावणे, हे लोकशाहीला शोभत नाही.