जीबीएसचा धडा : आजार मज्जातंतूंचा, प्रश्न पाण्याचा

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये ‘गुइलेन बॅरे सिंड्रोम’ अर्थात जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले आणि एरवी डॉक्टरांपुरते मर्यादित असलेले हे नाव घराघरांत पोहोचले. काही आठवड्यांतच संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. साथ ओसरली, मात्र वेगाने वाढणाऱ्या प्रत्येक भारतीय शहराला लागू पडणारा प्रश्न तिने मागे ठेवला आहे.

मेंदू आणि मज्जारज्जू यांचे आदेश स्नायूंपर्यंत, तर स्पर्श व वेदनेच्या संवेदना मेंदूपर्यंत नेण्याचे काम परिघीय मज्जातंतू करतात. यातील अनेक तंतूंवर मायलिन हे मेदयुक्त आवरण असते. त्यामुळे संदेश वेगाने वाहतात. जीबीएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती या आवरणावर, तर काही रुग्णांत थेट तंतूंवरच हल्ला चढवते. पायांत मुंग्या आणि अशक्तपणा यांपासून सुरुवात होते. काही दिवसांत लुळेपणा हात, चेहरा व श्वसनाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. मेंदू शाबूत असल्याने आपले काय होत आहे, हे रुग्णाला कळत असते.

हा हल्ला बहुधा एखाद्या संसर्गानंतर होतो. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूच्या बाह्यावरणातील काही रेणू मज्जातंतूंवरील रेणूंशी मिळतेजुळते असतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे त्यामुळे स्वतःच्याच मज्जातंतूंना शत्रू समजतात. पुण्यातील काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत हा जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस आढळला. दोन्ही दूषित पाणी व अन्नातून पसरतात.

सर्वाधिक रुग्ण सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या पट्ट्यातील होते. यातील नांदेड, किरकटवाडी व खडकवासला ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. त्यापूर्वीच तेथे मोठ्या गृहसंकुलांची वाढ झाली होती. जलवाहिन्या आणि शुद्धीकरण यंत्रणा मात्र त्या गतीने पोहोचल्या नाहीत. शहराची तहान भागवणारे धरण याच परिसरात असताना रहिवाशांची भिस्त विहीर, टँकर आणि खासगी आरओ केंद्रांवर राहिली. आरओ प्रक्रियेत पाण्यातील क्लोरीनही निघून जाते; त्यामुळे साठवणुकीत ते पाणी पुन्हा दूषित होण्याची शक्यता राहते. साथीदरम्यान महापालिकेने अशा काही केंद्रांवर कारवाई केली. साथीपूर्वी त्यांची नियमित तपासणी होत होती का, हा प्रश्न त्यामुळे अधिक महत्त्वाचा ठरतो.

उपचार उपलब्ध आहेत. शिरेवाटे दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन आणि प्लाझ्मा बदल या दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच परिणामकारक असून, पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास अधिक लाभ देतात. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा वजनानुसार ठरत असल्याने प्रौढ रुग्णाचा खर्च काही लाखांवर जातो. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना व्हेंटिलेटरची गरज भासते. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, पण त्यास अनेक महिने लागतात. या काळात कमावत्या व्यक्तीचे उत्पन्न थांबते आणि भौतिकोपचारांचा खर्च सुरूच राहतो. शासनाने पुण्यात मोफत उपचारांची घोषणा केली. परंतु दीर्घ पुनर्वसनाचा भार प्रामुख्याने कुटुंबांवरच पडतो.

एरवी जीबीएसचे प्रमाण वर्षाला लाखामागे एक ते दोन रुग्ण इतके अल्प असते. त्यामुळे एका परिसरातील वाढ लवकर टिपण्यासाठी काटेकोर नोंद आवश्यक ठरते. याचा आदर्श देशात आहे. पोलिओ निर्मूलनासाठी १५ वर्षांखालील मुलांमधील अचानक आलेल्या लुळेपणाची प्रत्येक घटना नोंदवून शौचनमुने तपासले जातात. देश २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाल्यानंतरही ही यंत्रणा कार्यरत आहे. प्रौढ रुग्ण मात्र तिच्या कक्षेबाहेर राहतात. निदान महानगरांतील मोठ्या रुग्णालयांपुरती तिची व्याप्ती वाढवल्यास पुढील साथीचा इशारा लवकर मिळू शकेल.

पाणी उकळून पिण्याचे आणि मांस नीट शिजवून खाण्याचे आवाहन योग्यच आहे. तथापि, सुरक्षित पाण्याची जबाबदारी केवळ नागरिकांच्या स्वयंपाकघरावर सोपवता येणार नाही. हद्दवाढ मंजूर करतानाच शुद्ध पाणीपुरवठ्याचा कालबद्ध आराखडा बंधनकारक झाला, तरच पुण्याच्या अनुभवातून अन्य शहरे काही शिकली, असे म्हणता येईल.