शेपटीवरचा क्रमांक

लहान गावाच्या धावपट्टीवर सरकारी विमान उतरणार असले म्हणजे ते गावाला निराळे सांगावे लागत नाही. आदल्या दिवशी रस्त्यातील खड्डे बुजतात, कडेच्या दगडांना चुना लागतो, तारेच्या कुंपणाशी पोलीस उभे राहतात. आणि त्या पोलिसांच्या आडून डोकावून एखादे शाळकरी पोर विमानाच्या शेपटीजवळची अक्षरे वहीत उतरवून घेते. विमानातून कोण उतरले याचीच चर्चा मग गावभर होते. परंतु लोकशाहीच्या दृष्टीने त्या प्रसंगातील सर्वांत मोलाची गोष्ट त्या पोराच्या वहीत असते. हे विधान ज्यांस अतिशयोक्त वाटेल त्यांनी पोलंडमधील शिमानी या आडवळणी विमानतळाची हकीकत ध्यानात घ्यावी.

१९४४ च्या शिकागो कराराने आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या प्रत्येक विमानावर राष्ट्राची व नोंदणीची खूण असणे बंधनकारक केले. लष्कर, जकात व पोलीस यांच्या सेवेतील विमाने त्याच कराराने 'शासकीय' ठरवली आणि परवानगीवाचून त्यांना परक्या देशावरून उडण्यास मनाई केली. खासगी विमानांना हा जाच तितका नाही. २००१ च्या सप्टेंबरातील हल्ल्यांनंतर अमेरिकेच्या सी.आय.ए. या गुप्तहेर संस्थेने नेमका या भेदाचा फायदा घेतला. काम सरकारचे, परंतु विमान मात्र कागदोपत्री कोणा खासगी कंपनीचे, अशी ती युक्ती होती. असेच एक विमान ५ डिसेंबर २००२ रोजी शिमानीस उतरले. अल-नशिरी व अबू झुबैदा या दोन कैद्यांना त्यातून आणले होते. कोणत्याही न्यायालयापुढे उभे न करता त्यांना जवळच्याच गुप्त कोठडीत डांबण्यात आले. विमानाच्या खऱ्या मार्गावर पडदा पडावा म्हणून उड्डाणाच्या कागदांत व्हिएन्ना हे खोटे ठिकाण नोंदवले गेले होते.

सरकारला वाटले, कागद बदलला की काम झाले. परंतु कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. विमानाचे नाव बदलता येते, मालक बदलता येतो. शेपटीवरचा क्रमांक मात्र जगासमोर मिरवीतच उतरावे लागते. विमाने न्याहाळून त्यांचे क्रमांक टिपण्याचा छंद असलेली माणसे युरोपात गावोगाव आहेत. २००४ च्या जानेवारीत स्पेनमधील पाल्मा येथे अशाच एका हौशी माणसाने एका पांढऱ्या बोइंगचे छायाचित्र घेतले. क्रमांक होता एन ३१३ पी. त्याच महिन्याच्या २३ तारखेस ते विमान स्कोपिये येथे गेले आणि खालेद अल-मस्री या जर्मन नागरिकाला घेऊन काबूलकडे निघाले. त्याला भलताच कोणी समजून पकडण्यात आले होते! मे महिन्यात त्याला आल्बानियात नेऊन सोडून दिले, तेव्हा त्याच्या कहाणीवर कोण विश्वास ठेवणार होते? विश्वास ठेवावा लागला तो क्रमांकामुळे. विमानाच्या नोंदी व त्याची जबानी तंतोतंत जुळली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १३ डिसेंबर २०१२ रोजी मॅसिडोनियास दोषी ठरवून ६०,००० युरोंची भरपाई फर्मावली. २४ जुलै २०१४ रोजी पोलंडही दोषी ठरला. ती बोइंग चालवणारी कंपनी उत्तर कॅरोलिनातील स्मिथफील्डजवळच्या एका लहानशा विमानतळावर बिऱ्हाड करून होती. तिचे नाव २००५ साली वृत्तपत्रांत आले, तेव्हा त्याच परिसरातील नागरिक फाटकाशी निदर्शने करण्यास उभे राहिले.

सुरक्षेचा प्रश्न खोटा आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. राष्ट्रपती वा पंतप्रधान कोणत्या घटकेस, कोणत्या वाटेने येणार हे चव्हाट्यावर सांगावे असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. परंतु उड्डाणापूर्वीचे गुपित वेगळे आणि उड्डाणानंतरचा हिशेब वेगळा. पहिल्याचे कारण सुरक्षा असते. दुसऱ्याचे कारण पुष्कळदा केवळ संकोच असतो. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे काय होते ते ग्रीसने दाखवले. २००१ च्या नोव्हेंबरात कालामाता येथे बारा ब्रिटिश व दोन डच छांदिष्टांना हेरगिरीच्या आरोपावरून धरण्यात आले. खालच्या न्यायालयाने त्यांना शिक्षाही ठोठावली. अखेर २००२ साली अपिलात ते निर्दोष सुटले. परंतु वही-पेन्सिल घेऊन उभ्या असलेल्या माणसाची सत्तेला केवढी धास्ती वाटते, ते मात्र जगाला दिसले.

हा भेद आपल्याकडेही नीट झालेला नाही. पंतप्रधानांच्या परदेशदौऱ्यांतील विशेष उड्डाणांचे तपशील अर्जदारास द्यावे, असा आदेश केंद्रीय माहिती आयोगाने २०२० साली हवाई दलास दिला. हवाई दलाने सुरक्षेचे कारण पुढे करून दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आदेशास स्थगिती मिळाली. संरक्षक कर्मचाऱ्यांची नावे गुप्त राहावीत हे समजू शकते. परंतु पार पडलेल्या प्रवासात विमान कुठे गेले, किती माणसे गेली आणि खर्च कोणी सोसला, हे कळल्याने कोणाच्या जिवास धोका संभवतो?

सरकारी विमानातील इंधन सरकारचे नसते. ते करदात्याचे असते. यास्तव प्रत्येक सरकारी उड्डाणाची तारीख, ठिकाण, प्रवासी व खर्च ठराविक मुदतीनंतर आपण होऊन जाहीर करण्याचा नियम केंद्राने व राज्यांनी केला पाहिजे. तोवर हा हिशेब कुंपणाबाहेरच्या त्या पोराच्या वहीतच राहणार आहे. पोलिसांनी त्याला हटकू नये. देशाचे काम तेही करीत आहे.